खालच्या मजल्यावरचे इल्यन पाइप्स

आमच्या हॅम्बर्गच्या इमारतीत कुणाला काही सांगायचं असलं तर तो माणूस दार वाजवत नाही, जिन्यात कागद लावतो. शनिवारी पार्टी आहे, आवाज होईल, माफ करा. सायकली इथे ठेवू नका. लहान मुलाचा मोजा सापडला आहे. या कागदाला इथे झेटेल म्हणतात, आणि माझं निम्मं जर्मन मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता या झेटेलांवरच शिकले आहे. लिफ्ट नसण्याचा हा एवढाच फायदा.

वसंत सुरू होता होता दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर आमच्या खाली, साठीच्या एक बाई राहायला आल्या. एका जहाज कंपनीच्या ऑफिसातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच आणि कमालीच्या सभ्य. आल्या आल्या त्यांनीही झेटेल लावला. 'प्रिय शेजाऱ्यांनो, मी रोज चार ते पाच या वेळात सराव करते, कुणाला त्रास झाला तर नि:संकोच सांगा.' कशाचा सराव, ते मध्ये लिहिलं होतं आणि तिथेच आमचं घोडं अडलं. यू, आय, डबल एल, ई, ए, डबल एन. पुढे पाइप्स.

ओल्या छत्र्या घेऊन आम्ही चौघं त्या कागदासमोर उभे होतो. माझा नवरा जगातलं काहीही ठामपणे वाचतो, त्याने ठामपणे 'उइलेआन' वाचलं. मी 'विलियन' म्हटलं. मुलीने तिसरंच काहीतरी म्हटलं आणि मग सरळ जर्मनमध्ये निकाल देऊन टाकला, "आख, दास इस्ट आइन डुडेलझाक!" डुडेलझाक म्हणजे बॅगपाइप, तो पिशवीवाला. हा शब्द ऐकून तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की ती हसत हसतच वर पळाली.

माझे सासरे कठड्याला धरून श्वास गोळा करत होते. दोन मजले चढले की त्यांना थांबावं लागतं. ते म्हणाले, "वाद्याचं नाव असं वाकडंतिकडं घेऊ नये. त्या बाईंनाच विचारू."

मी चमकून बघितलं. कारण आमच्याकडे आल्यापासून त्यांनी आपणहून 'हे करू' असं म्हटलेलं हे पहिलं वाक्य होतं.

सासरे सांगलीचे. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण जीव बासरीत. मिरजेला एका उस्तादांकडे ते तरुणपणी शिकले. कार्यक्रम वगैरे केले नाहीत, पण गावात कुणाचं भजन असो, नाट्यगीतांची बैठक असो, यांना बोलावणं असायचंच. मग फुफ्फुसाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं. आम्ही त्याचा अर्थ एवढाच लावला, की आता बासरीत घालायला फुंकर उरली नाही. त्यातच सासूबाई गेल्या. नवरा जाऊन वडिलांना इकडे घेऊन आला, निघण्याआधी त्यांनी सगळ्या बासऱ्या एका शिष्याला देऊन टाकल्या होत्या.

"एकही ठेवली नाहीत, बाबा?" मी विचारलं होतं.

"कशाला? पाठ खाजवायला?"

हा त्यांचा शेवटचा विनोद ठरतो की काय असं मला वाटायला लागलं होतं. घरात रेकॉर्डिंग लावलं की ते उठून बाल्कनीत जायचे, बाहेर पाऊस असला तरी. बाकी कशालाही उत्तर एकच, 'चालेल.' भात करू का पोळ्या? चालेल. फेरीबोटीने एल्ब नदीवर फिरून येऊ या? चालेल. अंगावर कोट नाही, थंडी वाजेल! चालेल. या शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक जायची. भांडणारा सासरा परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा माणूस रोज थोडा थोडा घरातून कमी होत होता आणि आम्ही नुसते बघत होतो.

आणि एका दुपारी चार वाजता खालून सूर आला.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसले होते, समोर सासरे मटार सोलत होते. हीटरचा पाइप खालपासून वरपर्यंत सगळ्या घरांतून जातो, त्याच्या कडेच्या फटीतून तो आवाज वर आला. लग्नात वाजतो तसा बॅंडछाप आवाज असेल अशी माझी समजूत होती. तसला काही प्रकार नव्हता. मऊ, थोडासा नाकातला, आणि फार जवळचा आवाज होता. सासऱ्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पांढरी दोन," ते म्हणाले.

पेटीच्या कुठल्या पट्टीत सूर आहे ते त्यांनी सांगितलं होतं, कुणीही न विचारता. मी मीटिंगचा आवाज बंद केला.

थोड्या वेळाने म्हणाले, "बाई श्वास कधी घेते?"

"म्हणजे?"

"अगं, किती वेळ झाला, सूर तुटलेला नाही. पिशवीत हवा साठवत असणार, ते ठीक. पण पिशवी भरायला तरी दम पाहिजेच ना? या वयात! कसला दमसास आहे!"

त्यांच्या आवाजात हेवा होता, स्वच्छ हेवा. मला तो ऐकून इतका आनंद झाला की काय सांगू. ज्याला हेवा वाटतो तो माणूस अजून शाबूत आहे, असं मी नवऱ्याला फोन करून सांगितलं.

त्या दिवसापासून चारच्या सुमाराला ते खुर्ची हीटरपाशी सरकवायचे. मी चहा ठेवायचे. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं हलायची. "इथे कण घेतला बघ," "ही जागा आपल्याकडे असती तर वेगळी घेतली असती," अशी एकतर्फी चर्चा चालायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी हुं हुं करत राहायचे.

नावाचंही त्यांनी मनावर घेतलं होतं. एकदा जिन्यात गाठून त्यांनी शेजारीणबाईंना आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलंच, आणि वर येऊन आम्हा तिघांना ओळीने उभं करून शिकवणी घेतली.

"इल्यन. लिहिताना सुरुवातीला यू असला तरी तो बोलायचा नाही. इ म्हणायचं. मग जीभ टाळूला. ल नाही, ल्य. कल्याणमधला ल्य. आणि शेवट गिळून टाकायचा. आयरिश भाषेत त्याचा अर्थ कोपर."

"उइल्यन," नवरा म्हणाला.

"यू बोलायचा नाही म्हटलं ना!"

"पण बाबा, लिहिलाय तर..."

"तू इंजिनियर आहेस, तू राहू दे. सूनबाई, तू म्हण."

"इलियन."

"तुम्ही पुण्याची माणसं. चुकलात तरी तेच बरोबर."

मुलीला मात्र पहिल्याच झटक्यात जमलं. आजोबांनी तिची पाठ थोपटली. त्यांच्या माहितीत आणखी बरंच काही होतं. आयर्लंडमध्येही लोक हे नाव दोन-तीन तऱ्हांनी उच्चारतात, पूर्वी इंग्रजीत त्याला युनियन पाइप्स म्हणायचे, वगैरे. कोपराचे पाइप हे नाव का, ते मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. पिशवी कोपराखाली दाबतात, त्यावरून पडलं असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बघते तर झेटेलवर त्या अवघड शब्दाखाली पेन्सिलीने, वळणदार देवनागरीत लिहिलं होतं, 'इल्यन'.

"अहो बाबा, लोकांच्या झेटेलवर इथे असं लिहीत नाहीत!"

"चांगलं लिहिलंय की. शुद्ध. येता-जाता तुमची उजळणी होईल."

मी खोडून टाकायला हवं होतं, पण आपल्या लिपीतला तो एकच शब्द त्या जिन्यात बघून मला बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा त्यांना चांगलीच धाप लागली होती. नेमकं तेव्हाच शेजारीणबाईंनी कचऱ्याची पिशवी घेऊन दार उघडलं. सासऱ्यांचा चेहरा खुलला. त्यांना खूप काही बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. पण श्वासच नव्हता. "युवर इल्यन पाइप्स..." एवढं झालं. मग दम खाऊन, "माय उस्ताद..." आणि पुढे काहीच येईना. त्यांचा हात सवयीने कानाच्या पाळीकडे गेला. डोळे मिटले. मान सावकाश डावीकडे उजवीकडे हलत राहिली.

बाई "ओह," म्हणाल्या. मग हळूच, "फेरश्टेहे," म्हणजे समजलं, असं म्हणून आत गेल्या. मला त्यात काहीच खटकलं नाही. उस्तादांचं नाव काढलं की सासरे कानाची पाळी धरणार, हे मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. आणि मान? समोर कुणी सुंदर गायलं तर आपल्या बैठकीत पहिल्या रांगेतला जाणकार अशीच मान हलवतो. याहून मोठी दाद आमच्याकडे नसते. मी पर्समध्ये किल्ल्या शोधत होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता खालून काही आलं नाही. सासरे खुर्ची सरकवून बसले होते. चहा गार झाला. "बरं नसेल," ते म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गावाला गेल्या असतील." पण बाईंचे बूट दाराबाहेर रोज जागा बदलत होते, खिडकीत दिवा असायचा. जिन्यातला झेटेलही गेला होता. मग सासऱ्यांनी खुर्ची सरकवणं सोडून दिलं, आणि परत सुरू झालं, चालेल, चालेल, चालेल.

एका संध्याकाळी जेवताना ते मुलाला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. तिकडे घर बंद पडलंय."

नवरा म्हणाला, "आल्झो... म्हणजे, बघू या."

"काय बघू या?" मी भडकले. "तिकडे घरात कोण आहे, बाबा? कोण वाढणार तुम्हाला?"

"होईल काहीतरी. चालेल."

मी ताट घेऊन उठले. राग त्यांचा नव्हता, मला भीती वाटत होती. सांगलीच्या त्या बंद घरात गेले की हे एक दिवस चहा सोडतील, एक दिवस जेवण सोडतील, आणि फोनवर आम्हाला सगळं ठीक आहे म्हणून सांगतील. मला ते स्पष्ट दिसत होतं. जेवता जेवता माझ्या नवऱ्याने खाली मान घातली होती, म्हणजे त्यालाही दिसत होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी या देशात कधीच न केलेली गोष्ट केली. आधी न कळवता, वेळ न ठरवता, सरळ खाली जाऊन शेजाऱ्यांची बेल दाबली.

बाईंनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत माफी मागायला सुरुवात केली. त्यांना फार वाईट वाटत होतं. म्हातारा माणूस, आजारी, आणि आपण रोज तासभर त्यांचा छळ केला. पण आता त्यांनी व्यवस्था केली होती. गावाबाहेर मैत्रिणीची बाग आहे, बागेत लाकडी खोपटं आहे, तिथे बसने वाद्य घेऊन जातात आणि वाजवतात. जरा ओल आहे तिथे. आतल्या बोरूच्या पट्ट्या ओलीने बिघडतात, सूर हलतो, पण ठीक आहे.

"पण तुम्हाला कुणी सांगितलं बंद करायला?"

"तुमच्या सासऱ्यांनीच. अतिशय सभ्यपणे," त्या म्हणाल्या. "आधी झेटेलवर काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही, पण तक्रारच असणार. तरी मी वाजवतच राहिले. मग बिचाऱ्यांनी जिन्यात कान धरला, डोळे मिटले आणि नाही, नाही, अशी मान हलवली. एवढं झाल्यावर कसं वाजवणार?"

मी त्यांच्या बूट ठेवायच्या बाकड्यावरच बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. माझं जर्मन ऑफिसचं आणि सरकारी कचेऱ्यांचं. घराचा करार, पत्त्याची नोंदणी, आरोग्य विमा यांवर मी तासभर बोलू शकते. दाद या शब्दाला माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी सांगितलं. ते लिहिलेलं तुमच्या वाद्याचं नाव होतं, आम्ही घरात चुकीचं म्हणत होतो म्हणून त्यांनी आम्हाला लिहून दिलं. कान धरला कारण आपल्या गुरूंची आठवण काढली, आमच्याकडे गुरूंचं नाव नुसतं घेत नाहीत. आणि मान हलवली कारण त्यांना तुमचं वाजवणं फार, फार आवडतं. इतकं आवडलं की आमच्याकडे मान अशी हलते.

"अशी?" त्यांनी करून बघितली.

"जरा सावकाश. डोळे मिटून."

त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि मग बराच वेळ उघडलेच नाहीत. इतक्या वर्षांत, त्या म्हणाल्या, या शहरात कुणी नाव विचारलं नव्हतं. सगळे डुडेलझाक म्हणून मोकळे होतात, आणि स्कॉटिश का, असं विचारतात. तुमच्या सासऱ्यांनी मात्र जिन्यात दोनदा म्हणवून घेतलं होतं. म्हणूनच तर त्या मान हलवण्याने इतकं लागलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळल्या. "शनिवारी येऊ का वर? तीन वाजता?"

"आत्ता," मी म्हटलं.

"आत्ता?"

"गेनाऊ. अगदी आत्ता."

वर सासरे बंडी आणि लेंग्यात बसले होते. बाईंना बघून त्यांची जी धांदल उडाली! शर्टाची बटणं वरखाली लागली. मी दोन वाक्यांत काय घडलं ते सांगितलं, तर ते हसायचं सोडून गंभीर झाले आणि बाईंसमोर त्यांनी खरोखरच माफीचा कान धरायला हात उचलला. "बाबा, नको!" मी ओरडलेच. बाईंना आधी हसू फुटलं, मग त्यांनाही.

बाईंनी बरोबर आणलेली वाद्याची पेटी टेबलावर उघडली. काळपट लाकडाच्या नळ्या, पितळेच्या चकत्या, चामड्याची पिशवी. सासरे वाकून बघत होते. हात मागे बांधलेले, लहान मुलाला काचेच्या वस्तूंच्या दुकानात उभं करावं तसे. बाईंनी जोडणी केली, आणि ते सारखे काहीतरी शोधत आहेत असं मला दिसायला लागलं. या नळीच्या टोकाला बघ, त्या नळीच्या टोकाला बघ.

"फुंकायचं कुठून?" शेवटी त्यांनी मला मराठीत विचारलं.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "निर्गेंड्स." कुठूनच नाही. आणि एक छोटा चामड्याचा भाता काढून त्यांनी उजव्या हाताला, कोपराच्या वर पट्ट्याने बांधून दाखवला. कोपर उचललं की भात्यात हवा, दाबलं की ती पिशवीत. तोंडाचा यात संबंधच नव्हता. म्हणून तर कोपराचे पाइप.

सासरे खुर्चीवर बसले. इतके दिवस ज्या दमसासाचा हेवा करत होते तो नव्हताच. मग इंग्रजीत, सावकाश, त्यांनी बाईंना सांगितलं, "मॅडम, आय हॅव नो ब्रेथ."

"आय नो," बाई म्हणाल्या आणि भात्याचा पट्टा सोडून त्यांच्यापुढे धरला.

ते तयार होईनात. दुसऱ्याचं वाद्य, असं कसं घ्यायचं. मी माझा शेवटचा हुकमी शब्द वापरला, "बाबा, चालेल." त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, वाद्याला नमस्कार केला आणि हात पुढे केला.

बाईंनी सुराची मुख्य नळी बंद ठेवली, नुसत्या षड्जाच्या नळ्या उघडल्या, आमच्या तंबोऱ्याचं जे काम तेच त्यांचं. पहिला आवाज आला तो दाराच्या बिजागरीचा. दुसरा त्याहून वाईट. उजवं कोपर भाता हलवायचं, डावं पिशवीवर सारखा दाब ठेवायचं, आणि दोघांचं जमत नव्हतं. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांचे ओठ मात्र आपोआप बासरीवर ठेवावेत तसे जुळले होते, मला ते बघवेना. बाई त्यांच्या कोपरावर हात ठेवून लय देत होत्या, लांगझाम, लांगझाम, सावकाश.

आणि सूर लागला. थोडा डुगडुगला, मग स्थिर झाला. भरदार, सलग, स्वयंपाकघरभर. मी नकळत त्यांच्या श्वासाची वाट बघायला लागले, आता थांबतील, आता खोकतील. सूर थांबला नाही. त्यांचे ओठ हळूहळू सुटले. छाती नेहमीसारखीच, लहान लहान श्वासांनी वरखाली होत होती, आणि त्याचं सुराला काही देणंघेणं नव्हतं.

सासूबाई म्हणायच्या, हे वाजवायला बसले की घरात मुक्यासारखं व्हायचं, तासन्‌तास कुणाशी बोलणं नाही, तोंड बासरीला लागलेलं. आता सूर चालू होता आणि तोंड मोकळं होतं. त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी दचकून वर बघितलं.

"अगं, रडतेस काय?" सूर न तोडता ते म्हणाले. "सा लागलाय. बस अशी इथे. बोल काहीतरी."